नाल्याच्या दोन्ही काठांची सरपंच

माझं सासर आणि माहेर यांच्यामध्ये फक्त एक नाला आहे. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अंगाला. अलीकडे मोठं गाव, माझं सासर; पलीकडे आमची वस्ती, माझं माहेर; आणि दोन्हींची मिळून एकच ग्रामपंचायत. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा नानांनी मला उभं केलं. नाना म्हणजे माझे जेठ, मालकांचे थोरले भाऊ. त्यांनी स्वतः बरीच वर्षं सरपंचकी केलेली. त्यांचा हिशेब साधा होता : वस्ती मला आपली लेक म्हणून मत देईल आणि गाव नानांच्या घरातली म्हणून. झालंही तसंच. निवडून आल्यावर पहिलं वर्ष मी नाना सांगतील तिथं सही केली.

दुसऱ्या पावसाळ्यात वस्तीत माझी काकू वारली. स्मशान गावाकडच्या काठावर, आणि नाला दोन्ही थड्या भरून चाललेला. काकूला तिरडीवर बांधून ओट्यावर ठेवलं आणि सगळे पाणी उतरायची वाट बघत बसले. मी अलीकडच्या काठावर छत्री धरून उभी होते. पलीकडे माझा धाकटा भाऊ दिसत होता, पण बोललेलं ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं तेव्हा कुठं तिला नेता आलं.

त्यानंतर वस्तीनं वेगळी ग्रामपंचायत मागितली. पुढारी माझा भाऊच. आमच्याकडे पूल नाही, स्मशान नाही, दरवेळी निधी येतो आणि गावातच मुरतो, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण गावाला पाणी देणारी विहीर वस्तीच्या शिवारात होती. वस्ती वेगळी झाली की विहीर त्यांची, मग आम्ही काय प्यायचं, हा नानांचा प्रश्न. तोही खोटा नव्हता. ती विहीर त्यांनीच सरपंच असताना, उन्हातान्हात उभं राहून खोदून घेतली होती.

नानांनी विषय मासिक सभेत येऊच दिला नाही. मीही तो लावून धरला नाही. आणि उन्हाळ्यात एका सकाळी गावच्या नळांना पाणी आलं नाही.

मोटर बिघडली असेल असं आधी सगळ्यांना वाटलं. मग पाणी सोडणारा माणूस सायकल हातात धरून धापा टाकत आला. "पंपघराला दुसरं कुलूप घातलंय. वस्तीची पोरं बसलीत तिथं." दुसऱ्या दिवशीही पाणी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात दोन ट्रॅक्टर उभे राहिले, वर माणसं, कोणाच्या हातात पहार, कोणाच्या हातात काठ्या. नाना डोक्याला उपरणं गुंडाळत होते.

मी चूल तशीच सोडली आणि मागच्या दारानं निघाले. ट्रॅक्टरला रस्त्यानं वळसा पडतो. मी केळीच्या बागेतून, बांधावरून, नाल्यातल्या कोरड्या गोट्यांवरून पळत सुटले. एकच विचार डोक्यात होता : दोघांपैकी एकाचं डोकं आज फुटणार, आणि दोघंही माझेच.

पंपघरापाशी भाऊ उभा होता. त्याच्यामागं पोरं, आणि पोरांच्या पायाशी दगडांचा ढीग.

"कुलूप काढ," मी म्हटलं.

"अक्का, तू आते कोनी? आमनी का त्यासनी?"

"गावात म्हाताऱ्या माणसांना प्यायला पाणी नाही. तुझ्या भाच्यांना नाही."

"आन् काकू ओटावर पडेल होती तव्हय?"

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. मी जाऊन पंपघराच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. नानांसमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. तो कधी खांद्यावर आला ते कळलंही नाही.

नाना उतरले. "बठ्ठं गाव पान्याबिगर शे, आन् तू दार अडावस? बाजूले व्हय."

मागून कोणीतरी दगड भिरकावला. तो माझ्या डोक्याच्या वर पत्र्यावर आदळला. कोणत्या बाजूनं आला ते मला आजही सांगता येणार नाही. पोरं वाकली, काठ्या वर झाल्या. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण सगळे क्षणभर थांबले, आणि मग मात्र मला शब्द सुचले.

"नाना, हे पंपघर पंचायतीचं आहे. याचं दार तोडायला सरपंचाची परवानगी लागते. ती मी देत नाही." मग भावाकडे वळले. "आणि हे कुलूप पंचायतीचं नाही. ते तू लावलंस, तूच काढ. वेगळ्या पंचायतीचा विषय मी विशेष ग्रामसभेत घेते. मी, सरपंच म्हणून."

"नानांनी नको म्हटलं तर?" एका पोरानं विचारलं.

"तरी घेते."

नाना माझ्याकडे बघत राहिले. रागावण्यापेक्षा ते चकितच झाले होते. भावानं बराच वेळ किल्ली मुठीत धरली. मग कुलूप काढलं आणि जोरात केळीत फेकून दिलं. मोटर सुरू झाली तेव्हा मी तिथंच पायरीवर बसले.

ग्रामसभेपर्यंतचे दिवस घरात काढणं फार अवघड गेलं. नाना ताटावर बसायचे, जेवायचे, उठायचे. माझ्याशी एक शब्द नाही. जाऊ रडायची. मालक एकदा म्हणाले, "मी हात कोणाकडून वर करू?" मी म्हटलं, "मला विचारू नका."

आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा झाली. एरवी तिला सह्यांपुरत्या बाया येतात. त्या दिवशी शाळेची ओसरी भरली. गावच्या आणि वस्तीच्या बाया आधी समोरासमोर भांडल्याच. मग गावातली एक म्हातारी काठीवर रेलून उठली. "ज्यास्ले वायलं व्हनं शे, त्यास्ले व्हऊ द्या. पन पानी तोडू नका." तिथंच मला ठराव सापडला. वस्ती वेगळी व्हावी, पण विहीर दोघांची राहावी, आणि मोटरीवर दोन्ही पंचायतींची मिळून समिती असावी.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात पोलीस उभे होते. ग्रामसेवकांनी ठराव वाचला तेव्हा दोन्ही बाजूंनी आरडाओरडा झाला. नाना माईक न घेता बोलले. गाव एक ठेवायला आपण काय काय केलं ते सांगितलं, आणि शेवटी त्यांचा आवाज फाटला. मला तिथं उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी अध्यक्षाच्या खुर्चीत होते.

विरोधात हात वर झाले, पुष्कळ. मग बाजूनं. वस्तीचे सगळे, आणि मग गावच्या बायांच्या रांगेतून एकेक करत बांगड्यांचे हात. माझ्या जावेचाही त्यात होता. मालकांनी दोन्ही वेळा हात मांडीवरच ठेवले. ठराव मंजूर झाला.

भाऊ टाळ्या वाजवणाऱ्यांत नव्हता. जाताना माझ्याजवळ थांबला. "पानीनी अट कसाले घाली? विहीर आमनी होती." त्या दिवसापासून दोन्ही घरांत मी परकी झाले.

प्रस्ताव पंचायत समितीत गेला, जिल्हा परिषदेत गेला, पुढं मुंबईला गेला. मी चोपड्याच्या आणि जळगावच्या एसटीत किती बसले त्याला सुमार नाही. शेवटी अधिसूचना निघाली. त्याबरोबर जुनी पंचायत संपली आणि माझी सरपंचकीही. प्रशासक आले, मग दोन्हीकडे निवडणुका लागल्या. वस्तीत माझा भाऊ पडला. त्याच्याच भावकीतली एक तरुण सून सरपंच झाली. तिनं पहिलं काम केलं ते स्मशानाच्या शेडचं. पूल अजून झालेला नाही. पाण्यावरून वादावादी होते, पण पंपघराला पुन्हा दुसरं कुलूप पडलेलं नाही.

गावात पद खुलं झालं आणि नाना निवडून आले. गुलालानं माखून घरी आले तेव्हा मी ओवाळलं. त्यांनी ताटात नारळ ठेवला, पण बोलले नाहीत.

दिवाळीनंतर एका सकाळी मी शेतावर निघाले होते. नाना ओट्यावर चहा पीत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या मासिक सभा शे. पान्याना विषय शे. येशी का?"

"मी सदस्य नाही, नाना."

"माले माहीत शे. नुसती बस."

मी हो म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी कापसाची बोंडं इतकी फुटली होती, आणि आभाळही भरून आलेलं, की वेचणी सोडून मी जाऊ शकले नाही. संध्याकाळी नाना आले आणि जेवता जेवता सभेत कोण काय म्हणालं ते मला सगळं सांगत बसले.