तारेपाशी पडलेलं डुक्कर

आम्ही वावरातच राहतो. अनसिंगकडून येणारी गाडी रस्त्यावर सोडते, तिथून पुढं पांदण. पावसाळ्यात चिखलाला आणि उन्हाळ्यात फुफाट्याला नावं ठेवत मी इथं संसार केला. पाहुणे म्हणतात, किती शांत आहे तुमच्याकडं! मी म्हणते, राहा मग चार दिवस. अंधार पडल्यावर बाहेर खुट्ट झालं तरी मी उठून दाराची कडी बघते. इतकी वर्षं झाली, सवय झाली असेल ना, असं विचारतात. भीतीची कसली सवय होते?

रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप पीक तुडवत जातो, पण रोही माणसाच्या वाटेला जात नाहीत. रानडुकराचं तसं नाही. शेजारच्या वावरातल्या बाईची मांडी डुकरानं फाडली, तेव्हा तिला बैलबंडीत टाकून नेताना मी पाहिलं आहे. तेव्हापासून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काळा दगड दिसला तरी तो हलतो का, हे मी आधी बघते.

यंदा उन्हाळी भुईमूग होता. भुईमूग पेरणं म्हणजे डुकरांना जेवायचं आवतण देणं. म्हणून भोवती झटक्याची तार होती. सौर पाटीवर चालणारं मशीन घराच्या भिंतीला, आणि तिथून निघालेली तार धुऱ्याधुऱ्यानं सगळ्या भुईमुगाभोवती फिरलेली. डुकराचं नाक लागलं की झटका बसतो आणि ते किंचाळत पळतं. मरत नाही. माणसाला लागला तर तोंडातून शिवी निघते, एवढंच.

या तारेचा कारभार माझ्या सासऱ्यांकडं. मी त्यांना मामाजी म्हणते. रोज सकाळी गवताची ओली काडी तोडून ते तारेला टेकवत. बोटाला मुंग्या आल्या की तार चालू. घरात टेस्टर पडून आहे, पण त्यांचा भरवसा काडीवर. मामाजींना ऐकू कमी येतं. कानात घालायचं मशीन आणलं, ते फक्त लग्नकार्यात घालतात. "वावरात कोन बोलते माह्यासंग?" म्हणतात. आम्ही दोघं नवराबायको दिवसभर त्यांच्याशी ओरडून बोलतो, ते कोणत्या खात्यात जातं कोण जाणे.

वादळ आलं ते दुपार कलताना. आधी वारा पडला, कोठ्यातली जनावरं दावं ओढायला लागली, आणि मग समोरचा धुरा दिसेनासा झाला. मामाजी आणि माझा नवरा दाराला पाठ लावून उभे राहिले. दोन धडधाकट माणसं लावूनही दार आत येत होतं. मी धान्याच्या कोठीमागं बसले आणि सगळ्या देवांची नावं घेतली, ज्यांना कधी नारळ फोडला नाही त्यांचीही. बाहेर कोठ्यावरची पत्र्याची टिनं एकेक करून सुटत होती. एखादं टीन घरात घुसलं तर मान कापून जाईल, हा एकच विचार डोक्यात फिरत होता.

वारा-पाऊस थांबल्यावर बघितलं तर कोठा बोडका झालेला. एक टीन कडुलिंबाच्या फांदीत अडकलेलं, बाकीची वावरभर. सौर पाटी फुटली, लाईट गेली. म्हणजे तार बंद, कोठ्याला छप्पर नाही, आणि मागच्याच महिन्यात पलीकडच्या शिवारात बिबट्यानं वासरू नेलेलं. शेळ्या घरात घेतल्या. त्या रात्री शेळ्या आमच्या अंथरुणावर झोपल्या आणि आम्ही रात्र बसून काढली.

पहाटे बल्ब लागला, तेव्हा मला केवढा आनंद झाला! उजाडल्यावर नवरा टिनं आणायला अनसिंगला निघून गेला. मामाजींनी फुटक्या पाटीकडून मशीनला येणाऱ्या क्लिपा काढून बाजूला ठेवल्या, पक्कड कमरेला खोचली आणि चपला दारातच सोडल्या, कारण आमची काळी माती ओली झाली की चपला धरून ठेवते.

"तार कुठं कुठं लोंबली ते पाह्यतो," ते म्हणाले.

"काडी लावून पाह्यजा!" मी ओरडले.

"मशीनच बंद हाय त काडी कायले लावू? मेलेली तार हाय ते. हातानंच ताणतो."

त्यांचं खरंच होतं. मीही मान हलवली आणि टिनं गोळा करायला गेले.

ते वावराच्या निम्म्यात पोचले असतील, तेव्हा मला पलीकडच्या धुऱ्यावर काळं काहीतरी दिसलं. सवयीनं बघत राहिले, हलतं का. दगड नव्हता. चांगलं थोराड डुक्कर होतं आणि मामाजी लोंबत्या तारेवर नजर ठेवून नाकासमोर त्याच्याकडंच चालले होते. माझ्या हातातलं टीन पडलं. "मामाजी, डुक्कर!" मी बोंबलले. त्यांना कुठलं ऐकू येतं? तेवढ्यात एक कावळा येऊन डुकराच्या पोटावर बसला. डुक्कर हललं नाही. मेलेलं होतं. बरं झालं, मेलं एकदाचं, असं मी मोठ्यानं म्हणाले आणि खाली बसले.

मग बसल्या जागी नीट बघितलं. डुकराचं नाक तारेला चिकटलेलं होतं. तार तर बंद होती. चालू असती तरी झटक्यानं डुक्कर मरत नाही.

मी वर बघितलं. कोपऱ्यातला लाईटचा खांब कलला होता आणि त्याच्या वायरींतली एक जागेवर नव्हती. ती बाभळीवरून खाली, आमच्या तारेवर येऊन पडली होती. पहाटे लाईट आली ती माझ्या बल्बातच नाही, सगळ्या भुईमुगाभोवती आली होती.

मी पळाले. पळाले कसली, चिखलात रुतत गेले. एक चप्पल पहिल्याच सरीत राहिली, दुसरी मी फेकली. मामाजी, हात नोका लावू जी, हात नोका लावू, असं ओरडत होते आणि ओरडणं फुकट आहे हेही कळत होतं. ते अनवाणी, माती ओली, आणि तारेपासून ते चार पावलांवर. मी पोचणार नव्हते. ते मरणार आणि मला ते बघावं लागणार, एवढंच मला दिसत होतं.

ज्यांच्यापुढं मी डोक्यावरचा पदर कधी पडू दिला नाही, त्या माणसाला मी ढेकूळ मारलं. पहिलं वाया गेलं. मामाजींनी कमरेची पक्कड काढली. दुसरं दोन्ही हातांनी उपसलं आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून फेकलं. ते त्यांच्या मानेवर बसलं, टोपी उडाली.

ते गरकन वळले. एवढा राग मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"येडी झाली काय वं? सासऱ्याले ढेकलं मारून राह्यली?"

मी फक्त डुकराकडं बोट दाखवलं, मग खांबाकडं. त्यांनी डुक्कर बघितलं. खांब बघितला. मग हातातल्या पकडीकडं बघितलं आणि ती खाली टाकली. एकेक पाऊल मागं घेत ते माझ्यापर्यंत आले आणि चिखलातच बसले. मी रडत होते.

मी नवऱ्याला फोन केला. तो वायरमनला घेऊन येईस्तोवर आम्ही घरचं कुत्रं तारेकडं जाऊ नये म्हणून बांधून ठेवलं आणि पांदणीवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवलं. डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, लाईट तोडली, तेव्हा कुठं मी घोटभर पाणी प्यायले.

गावात ही गोष्ट झाली. केनवडच्या माझ्या माहेरापर्यंत पोचली. सासऱ्याला ढेकूळ मारणारी सून म्हणून बाया मला हसतात, मीही हसते. घरी आले की हसू टिकत नाही. लाईट आली की मला अजून बल्ब बघवत नाही, मी आधी खांब बघते.

मामाजींनी कानाचं मशीन आजही घातलेलं नाही. सांगून दमले. पण सकाळी तारेकडं जाताना ते दारात थांबतात.

"पोरी," म्हणतात, "ढेकूळ घेऊन उभी राह्यजो."

तारेपाशी पोचल्यावर ते काडी तोडतात आणि आधी मागं वळून बघतात. मी खांब बघते आणि हात वर करते. मगच ते काडी टेकवतात.