लाल म्हणजे अभिनंदन

मी लातूरला बीसीए करतो आणि दुपारनंतर एका खासगी क्लासचं मोबाइल ॲप सांभाळतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळं कुठंही बोलताना आधी 'मला वाटतं' म्हणायची सवय आहे.

मुलांच्या हुशारीप्रमाणं बॅच ठरवायच्या परीक्षेच्या निकालाचं पान ॲपवर कसं दिसावं, हे ठरत होतं. पहिल्या बॅचमध्ये निवड झालेल्यांच्या पालकांना लेकराचा फोटो आणि त्यामागं गडद लाल रंग दिसावा, असं क्लासच्या सरांचं म्हणणं.

"सर, मला वाटतं, लाल नको. हिरवा बरा."

"का? कुंकू लाल, नवरीचा शालू लाल. देगलूरहून येऊन मला रंग शिकवायलास व्हय? ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट हाय. ह्यात बरोबर-चूक नसतं."

माझीही ती नुसती आवडच आहे की आणखी काही, हे मला धड सांगता येईना.

निकाल लागला. दुसऱ्या दिवशी इस्लापूरकडचे एक वडील क्लासच्या फाटकात उभे. मुलगी हसत बाहेर आली, तर त्यांनी सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवली. त्यांना वाचता येत नव्हतं. मोबाइलवर लेक लालभडक दिसली होती, आणि मास्तर लाल शाई कशाला वापरतात एवढं त्यांना लहानपणी शाळा कायमची सुटायच्या आधी कळलं होतं.

"पप्पा, मी पहिल्या बॅचमधी आले!"

"मंग लाल कशाला केलं?"

सर पायरीवर आले. "अहो मामा, लाल म्हणजे अभिनंदन! पेढे आणायचं सोडून पोरीला मारायलात?"

सगळा व्हरांडा हसला. वडिलांनी मोबाइल खिशात घातला. "चल, बॅग भर."

"पप्पा, मी पास हाव!"

"कळलं. पर जिथं तुझ्या बापाला हसायलेत, तिथं तू शिकायची न्हाईस."

दुपारच्या गाडीनं ती गेली.

मी सरांना भीत भीत विचारलं, "आता तरी हिरवा करू?"

"एका अडाण्यापायी? तुझं मत तुझ्यापाशी ठेव. आन असं कर, फोटोखाली एक ओळ टाक, 'लाल म्हणजे अभिनंदन'. मंग कुणाचा घोळ होणार न्हाई."

माझ्या वडिलांनाही वाचता येत नाही. मी ती ओळ ठळक अक्षरांत टाकली.