मठातल्या चित्राची चोरी

मठातलं ते चित्र अजून डोळ्यापुढून हलत न्हाई. मी तेव्हा धारूरच्या बाजूला फौजदार होतो. दुष्काळ. टँकरवर रोज हाणामारी, त्यात सोसायटीची निवडणूक तोंडावर.

चित्र दाराएवढं. जातपात मोडणाऱ्या जुन्या पंथाची माळावरची सभा, सगळ्या जातीची माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. चिताऱ्यानं तोंडं मात्र त्याच गावच्या माणसांची काढलेली.

एका सकाळी भिंत रिकामी. सोसायटीचा चेअरमनच मठाचा कारभारी. त्याची माणसं म्हणाली, चित्र मठातल्या म्हाताऱ्या साधूनं विकलं. साधू विरोधी पॅनलकडचा, एवढाच पुरावा. संध्याकाळपर्यंत चित्र आलं न्हाई तर त्याला बघून घेतो म्हणाले. मार चुकावा म्हणून मी साधूला ठाण्यात आणून बसवलं. बाहेर गर्दी वाढत होती.

पंचनाम्यात चित्राच्या खुंटीखाली सुपारी सापडलेली. चिमूटभर तांदूळ, वर हळदकुंकू. देव जागचा हलवला की तो परत येईपर्यंत सुपारी मांडतात, तशी. साधूला दरडावून विचारलं.

"आमच्या पंथात सुपारी मांडत न्हाईत, साहेब."

म्हणजे नेणारा पंथाबाहेरचा, आणि परत आणून देणारा.

दुपारी टँकरच्या ड्रायव्हरनं खबर दिली. पहाटे ऊसतोड्यांच्या वस्तीवर दोघंजण वाकळंत गुंडाळून काहीतरी नेत होते. गर्दीला वास लागला असता तर वस्ती पेटली असती. साध्या कपड्यात एका हवालदाराला घेऊन गेलो.

झोपडीत चित्र भिंतीला टेकवलेलं. समोर बाजेवर म्हातारी, शेवटचे श्वास मोजणारी. तिचा पोरगा हात जोडून म्हणाला, "आबाचा, माझ्या बापाचा, फोटू न्हाई, साहेब. ह्याच्यातच हायत ते. चार दिसांसाठी चित्र मागितलं, तर चेअरमन म्हणला, निवडणूक झाल्यावर बघू. तवर ही ऱ्हाती का?"

म्हातारी त्याच्यावर करवादली. "गप रे. मधी उभा ऱ्हाऊ नको, दिसंना मला."

दिवस कलत होता, ठाण्यात काय चाललं असंल याचा घोर. तरी बघता बघता तिला झोप लागेपर्यंत थांबलो. मग चित्र उचललं.

चेअरमनला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानं तक्रार मागं घेतली. साधू आपल्या पायानं मठात गेला.

चोराच्या आधी चोरीची जागा नीट बघावी, हे त्या केसनं शिकवलं. बाकीचं कळायला म्हातारपण लागलं. आमची मंडळी मागच्या साली गेली. तिच्या फोटोसमोर खुर्ची टाकून बसतो. सून मधून गेली की म्हणतो, बाजूला हो बाई, दिसत न्हाई.