हातावर हात

मेणबत्ती विझल्यावरचा धूर नाकात गेला की मला श्रीरामपूरची आमची आत्या आठवते. नव्वदच्या दशकातला नोव्हेंबर होता, रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर धडधडत होते आणि कारखान्याच्या मळीचा वास तिच्या खाटेपर्यंत येत होता. लकव्यानं तिची उजवी बाजू लुळी पडली होती, आणि बोलण्यातून काहीतरी विचित्रच गळून गेलं होतं. वस्तूंची नावं तिला सांगता यायची, पण वर, आत, शेजारी असले शब्द तिच्याकडे उरलेच नव्हते. "आई... कबर... मी," ती म्हणाली. आमच्या ख्रिस्ती लोकांत घरच्या माणसाला जुन्या कबरीतही, आधीच्या पेटीच्या वर, माती देतात. वडिलांनी वाकून विचारलं, "आईच्या कबरीतच का, आक्का?" "व्हय." "का शेजारी?" "व्हय." "का पायाशी?" त्यालाही व्हयच, आणि मग ती रडायला लागली. थोड्या वेळानं तिनं डाव्या हातानं लुळा हात उचलून पोटावर ठेवला आणि त्याच्यावर डावा तळवा अलगद टेकवला. तिला प्रार्थना हवी आहे असं समजून सगळ्यांनी माना खाली घातल्या. आमेन झाल्यावर मी डोळे उघडले, तर ती तशीच आमच्याकडे बघत होती, हातावर हात ठेवून. पुढच्याच आठवड्यात ती गेली आणि तिला तिच्या आईच्या शेजारी माती दिली. अजूनही दर नोव्हेंबरला मी दोन्ही कबरींवर मेणबत्त्या लावते, पण तिचे एकावर एक ठेवलेले हात आठवतात आणि त्यांच्या मधल्या जागेत पाय ठेवायचा मला धीर होत नाही.