भिकाची पनवती

सिल्वासात ज्याला विचाराल त्याच्याकडे पनवतीचा एक तरी किस्सा निघतो. घडलेलं तेवढं लक्षात राहतं. न घडलेलं कोण सांगत बसणार? हे वाक्य माझं नाही, आमच्या जोशीसाहेबांचं. मी सातवी नापास, ढापून वापरतो.

जोशीसाहेब पुण्याचे इंजिनियर. सन नव्वदच्या आसपास खडोलीच्या आमच्या धाग्याच्या कारखान्यात आले. काहीही सांगा, त्यांचा प्रश्न ठरलेला, "हे नुसत्या योगायोगाने झालं नसतं का?" सासू वारली म्हणून रजा मागायलाही आम्ही घाबरायचो.

*

एकदा मी साहेबांना म्हटलं, "मॅनेजर राउंडला आले की लाइट जाते. पायगुणच तसा."

"ते नसताना जात नाही?"

"जाते की. पण तेव्हा आम्ही जरा आडवे होतो. कोण ध्यानात ठेवतो?"

*

कॅन्टीनमधून चहा कोणी आणायचा, हे चिंचोक्यांवर ठरायचं. फोडलेला चिंचोका एका अंगाने काळा, दुसऱ्याने पांढरा. ज्याचे पांढरे जास्त, त्याची सुटका. माझ्यावर पाळीच येईना. ऑपरेटर भिका म्हणायचा, "नाना लई नशीबवान."

जोशीसाहेबांनी चार दिवस बघितलं आणि हात पुढे केला. "नाना, एवढं नशीब योगायोगात बसत नाही. चिंचोके दाखव."

मी दोन-दोन फाका काळ्या अंगाने चिकटवल्या होत्या. दोन्हीकडून पांढऱ्या! साहेबांनी त्या निरखल्या आणि परत माझ्या हातात ठेवल्या. "जपून ठेव."

*

हा भिका धुळ्याकडचा, लेकुरवाळा. एका महिन्यात त्याच्या मशीनवर धागा सगळ्यात जास्त तुटला. मॅनेजर जोशीसाहेबांना म्हणाले, "पनवती आहे. सोमवारपासून घरी बसवा."

जोशीसाहेब म्हणाले, "सर, कोणाचा तरी सगळ्यात जास्त तुटणारच. चिंचोके टाकून बघू. पांढरा पडला की धागा तुटला समजा. सगळे ऑपरेटर टाकतील, तुम्हीही टाका. वाटप नाना करेल."

मी वाटले.

मॅनेजरांचे सगळे पांढरे. "परत," ते म्हणाले. परत सगळे पांढरे. तिसऱ्या खेपेला त्यांनी चिंचोके दोन्ही हातांत खुळखुळवून टाकले, तरी पांढरेच.

"सर, सोमवारपासून कोणाला घरी बसवायचं?" जोशीसाहेबांनी विचारलं.

मॅनेजरांनी घाम पुसला. "भिका राहू दे. असतो एखाद्या वेळी योगायोग."

सगळे पांगले. भिका तेवढा मागे राहिला. मॅनेजरांच्या जवळ जाऊन हळूच म्हणाला, "साहेब, काई चिंता करू नका. आमलीत एक भगत आहे, पनवती उतरवतो. मी येतो ना संगे."