उभ्या गाडीचा आजार

गॅरेजमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपण बॉनेट उघडायच्या आधी गिऱ्हाईकच तोंड उघडतं! स्वातंत्र्यानंतर आठ-दहा वर्षांनी मी पनवेलला हसनचाचांच्या गॅरेजात मेकॅनिक होतो. तिथे एका सरकारी खात्याची जुनी व्हॅन यायची, गावोगाव स्वच्छतेचे सिनेमे दाखवणारी. पळताना झकास, उभी केली की इंजिन थडथडून बंद!

*

ड्रायव्हर गोमा, चिरनेरकडचा. गाडी बंद पडते म्हणून मेमो त्यालाच! आणखी एक मिळाला की नोकरी गेली. घाबरून त्याने क्लार्ककडून अर्ज लिहून घेतला : "वाहन उभे असताना नीट चालत नाही."

उत्तर आलं : "उभ्या वाहनाने चालणे अपेक्षित नाही. खुलासा करावा."

*

पळस्प्याच्या नाक्यावर हवालदाराने हात केला. गोमा थांबेना, त्याच्याभोवती गोल गोल फिरायला लागला!

"अरे, थांब!"

"थांबलो तर बंद पडंल, साहेब!"

पहिल्या फेरीत गोमाने लायसन दिलं. दुसऱ्या फेरीत हवालदाराने वाचलं. तिसरीत परत देत म्हणाला, "जा बाबा, मला चक्कर येतेय!"

*

गाडी गॅरेजात आली की आमच्यातला जो तो कार्बोरेटरचा स्क्रू पिळून बघे. शेवटी चाचांनी इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरखालच्या सांध्यावर थोडं ऑईल सोडलं. थडथड क्षणभर थांबली!

"हवा इथून खेचतेय. स्क्रू पिळून क्या होगा?"

सांधा खोलला. आतलं पॅकिंग कुणीतरी ऑफिसच्या फायलीचा पुठ्ठा कापून केलेलं. त्यावर अक्षरं शाबूत : "तातडीचे".

चाचा म्हणाले, "मग थांबेल कशी!"

नवं पॅकिंग बसवलं. उभी गाडी संथ गुरगुरत राहिली. गोमा कितीतरी वेळ बॉनेटवर हात ठेवून उभा होता. डोळे भरले होते त्याचे.

*

पुढचं गोमानेच सांगितलेलं. दुरुस्तीनंतर त्याच्या खात्याचे साहेब स्वतः व्हॅनमधून एका गावी गेले. तिथे सिनेमाला अख्खा गाव लोटायचा. साहेबांची बढती त्या गर्दीवरच ठरायची होती. या वेळी पडद्यासमोर एक म्हातारी आणि दोन बकऱ्या!

"लोक कुठे गेले, आजी?"

"पयले गाडी बंद पडाची, समदे ढकलाला याचे. दमले का हितंच बसाचे. आता कशाला येतील?"

साहेब गोमाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पुढच्या गावी जरा बंद पाड."