पट्टा घसरणारी गाडी

गोंडपिपरीहून बाबांना डायलिसिससाठी चंद्रपूरला नेत होतो. जंगलातल्या चढावर आमची ऑटोमॅटिक गाडी थरथरली. एक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, पण गाडी पुढे सरकेना. मोबाइलला रेंज नव्हती. मागच्या सीटवर बाबांना धाप लागली होती.

मोटारसायकलवरून जाणारा एक मेकॅनिक थांबला. ताप बघावा तसा त्याने बॉनेटवर तळहात ठेवला, मग वाकून जळका वास घेतला.

"याच्यात गिअर नाई भाऊ, पट्टा आहे. तेल तापलं, पट्टा घसरून राह्यला. जेवढं दाबसान तेवढा घसरन."

"अहो, पण बाबांना उशीर होतोय!"

"गाडीले घाई नाई समजत. तिले गरमीच समजते."

त्याने किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. वीस मिनिटं मी रस्त्यावर येरझारा घालत होतो, आणि तो खिडकीपाशी उभा राहून बाबांना रुमालाने वारा घालत होता. मग किल्ली देत म्हणाला, "आता हळूच काढा. चाळीसच्या वर नाई. मी मागं आहो."

चंद्रपूरपर्यंत आरशात त्याची मोटारसायकल दिसत राहिली. प्रत्येक चढावर मी एक्सिलरेटर जपून दाबायचो. आरशात बघितलं की जरा धीर वाटायचा.

हॉस्पिटलात बाबांना आत घेतल्यावर मी बाहेर आलो. तो फाटकाजवळ थांबला होता. मी हात जोडले, तेव्हा मान खाली घालून तो म्हणाला, "गाडी पोचन असं मले बी वाटत नव्हतं भाऊ. म्हणून तं मागं आलो."